उतरता खांदा

"कंबर वाढली नाही, टेप आखडला म्हणे. टेप!"

ताई हे पुटपुटली ती ठकीच्या कमरेशी वाकून, ओठांत टाचण्या धरून. तोंडात टाचण्या असल्या की ताईला खरं बोलता यायचं. एरवी ती गप्प असायची, नाहीतर गोड बोलायची. घरातल्या सगळ्यांना या टाचण्यांतल्या बोलण्याची सवय होती, आणि ते कळलं तरी न कळल्यासारखं करायचं हेही ठरून गेलेलं होतं.

"काय म्हणालीस?" ठकीनं आरशातून विचारलं.

"हात वर कर म्हटलं."

ठकीनं हात वर केले. दुकानामागची ट्रायल रूम म्हणजे तीन बाजूंना आरसे, चौथ्या बाजूला विटका पडदा आणि वर एक पिवळट दिवा. त्या दिव्याखाली आजवर कुठलंच गिऱ्हाईक देखणं दिसलं नव्हतं. मास्तर, म्हणजे त्यांचे वडील, तर म्हणायचे, या उजेडात जो कोट चांगला दिसेल तो कुठेही चांगला दिसेल. ठकी त्या उजेडातही देखणी दिसत होती. डोळ्यांखाली काळं आलेलं, केस कसेतरी बांधलेले, आणि तरीही. ताईनं ते पाहिलं आणि टेप गरजेपेक्षा जरा जास्तच आवळला.

"आई गं! श्वास तरी घेऊ दे."

"घे की. संध्याकाळी कुठे मिळणारे घ्यायला."

यावर ठकी हसली नाही. संध्याकाळी तिला न्यायला गाडी येणार होती. त्यानंतर ती एका मोठ्या वाहिनीवर, थेट प्रक्षेपणात, सगळ्या देशासमोर बसणार होती आणि टीव्हीवर चेहरा लपवून तिच्याबद्दल बोललेली ती 'घरातली व्यक्ती' कोण, ते नाव घेऊन सांगणार होती. तसं तिनं आधीच जाहीर केलं होतं. नाव कुणाचं घेणार हे तिनं घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं, पण सकाळी आल्यापासून ती वहिनीशी एक शब्दही बोलली नव्हती. वहिनीनं पुढे केलेला पाण्याचा पेला तिनं घेतला आणि न पिता शिलाई मशीनवर ठेवून दिला. तो अजून तिथेच होता. येणारा जाणारा प्रत्येक जण त्या पेल्याकडे बघायचा आणि तो कुणीच उचलत नव्हतं.

सबंध देश जिला पडद्यावरच्या भारदस्त नावानं ओळखायचा तिला या घरात आणि गल्लीत ठकी म्हणत. लहानपणी, म्हणजे वडील असताना, नव्या नमुन्याचा फ्रॉक तयार झाला की तो तिला घालून तिला दुकानाच्या काचेत स्टुलावर उभी करायचे. हलायचं नाही, डोळे मिचकवायचे नाहीत. येणारे जाणारे थांबायचे. कुणी म्हणायचं, लाकडाची आहे. कुणी म्हणायचं, मेणाची आहे. मग ती एकदम हसायची, माणसं दचकायची आणि फ्रॉकची ऑर्डर देऊन जायची. मास्तरांचं दुकान त्या हसण्यावर चाललं असं जुनी गिऱ्हाइकं अजून सांगतात.

ताई तेव्हा आत बसून बटणं लावायची. तिला काचेत उभं करायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. पुढे ती कटिंग शिकली, आणि आता या दुकानात तिच्यासारखी कात्री कुणाची चालत नाही. पण काचेत उभं राहिल्यावर बाहेरचा रस्ता कसा दिसतो हे तिला आजही माहीत नाही. एकदा, दुकान बंद असताना, ती त्या स्टुलावर चढली होती. तेव्हा ती चांगली चाळिशीची होती. स्टूल करकरलं, म्हणून उतरली.

"खांदा सरळ ठेव," ती म्हणाली.

"सरळच आहे."

दोघींनी एकदम आरशातून नजर काढली. कारण खांदा हा शब्द आता या घरात जपून वापरायचा शब्द झाला होता.

*

ते असं झालं. ठकीची दोन लग्नं मोडली होती, तेव्हा लोक बोलले. तिनं सेटवर दिग्दर्शकाच्या थोबाडीत मारली, तेव्हा लोक बोलले, आणि निम्मे तिच्या बाजूनं बोलले. मग तिच्या आयुष्यात एक मंत्री निघाले. लग्न झालेले, दोन मुलांचे बाप, टीव्हीवर कुटुंबसंस्थेबद्दल फार गंभीरपणे बोलणारे. मंत्र्यांनी राजीनामा दिला, त्यांच्या बायकोनं डोळे पुसत मुलाखत दिली, आणि ठकी शांतपणे म्हणाली, "आमची फक्त ओळख होती." लोकांनी तेही जवळजवळ मानलं होतं. ती इतकं सुंदर बोलली होती.

पण मग 'उजेडात' नावाचा तो कार्यक्रम लागला. नाव उजेडात, आणि ज्यांना बोलवायचे त्यांना काळोखात बसवायचे. ठकीच्या सगळ्या भानगडी ओळीनं सांगून झाल्यावर पडद्यावर एक काळी आकृती आली. चेहरा नाही, वय नाही, बाई की पुरुष तेही कळत नाही. आवाज डब्यातून बोलल्यासारखा. ती आकृती म्हणाली, "मी तिला लहानपणापासून बघितलंय. तिचा उजवा खांदा उतरता आहे. खोटं बोलताना ती तो आणखी उतरवते. बघा तुम्ही नीट."

आणि लोकांनी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या जुन्या मुलाखतींचे तुकडे घरोघरी फिरायला लागले. वर्तमानपत्रांनी तिच्या फोटोवर खांद्यापाशी लाल बाण काढले. शाळेतली पोरं एकमेकांना थाप मारताना खांदा पाडून दाखवायला लागली. मंत्र्यांची ओळख, पहिल्या नवऱ्याची ओळख, दिग्दर्शकाला मारलेली थोबाडीत, सगळ्या ठिकाणी खांदा. सगळ्या देशाला एकदम शिंप्याची नजर आली.

या घरात तो कार्यक्रम सगळ्यांनी मिळून पाहिला होता. खांद्याचं वाक्य आलं तेव्हाच हे घरातल्या माणसाचं बोलणं आहे हे त्यांना कळलं. पण त्याहून आधी कळलं होतं. ती काळी आकृती बोलायला लागण्यापूर्वी तिनं खुर्चीच्या हातावरच्या कापडाची कड अंगठ्यानं उलटवून आतली शिलाई पाहिली होती. अगदी सहज, सवयीनं. ही मास्तरांची शिकवण. कापड बाहेरून बघू नका, उलटं करून बघा. दादा लग्नाच्या मांडवात खुर्च्यांची आवरणं उलटी करून बघायचा. ताई बसमध्ये पुढच्या सीटची शिवण बघायची. वहिनी या घरात येऊन वर्ष झालं नाही तोच माहेरच्या पडद्यांच्या कडा उलटवायला लागली, तेव्हा तिच्या वडिलांनी तिला हसून विचारलं होतं, "काय गं, झडती घेतेस का?"

त्यामुळे माणूस घरातलं आहे हे नक्की, पण घरातलं कोण, ते कुणी बोललं नाही. आई म्हणाली, "आवाज कमी करा, डोकं दुखतं." दादानं आवाज कमी केला. कार्यक्रम संपला तेव्हा ताई म्हणाली, "मला ठकीची फार काळजी वाटते." दादा म्हणाला, "मलाही." काळजी हा या घरातला जुना आणि सोयीचा शब्द होता. ठकीला पहिला पुरस्कार मिळाला तेव्हाही सगळ्यांना तिची काळजीच वाटली होती. तिनं समुद्राकाठी बंगला घेतला तेव्हा तर दादाला काळजीनं झोप लागली नव्हती.

*

दादा अर्ध्या शटरखालून रस्त्यापलीकडचे बूट बघत उभा होता. समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायऱ्यांवर फोटोवाले बसले होते. त्यांचे कंबरेपासून खालचे भाग तेवढे दिसत. एकाच्या पॅंटचा डावा पाय उजव्यापेक्षा लांब होता. कुणी शिवली असेल, असं त्याच्या मनात आलं.

"दादा." ठकी पडदा सारून बाहेर आली होती. अंगावर अर्धा कोट, एका बाहीचा, कडांना पांढरे कच्चे टाके. "तू काहीच बोलत नाहीस."

"काय बोलू? हे बूट बघतोय. एकाचेही पॉलिश केलेले नाहीत."

"वहिनीचं नाव मी घेणार आहे."

दादानं बूट बघणं चालू ठेवलं.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"तुझी बायको आहे ती."

"माहीत आहे मला, ठके. लग्नात होतो मी."

ठकीला हसू आलं आणि तिनं ते गिळलं. तिचा हा भाऊ लहानपणी तिला पाठंगुळीला घेऊन गल्लीभर धावायचा. आता दुकानात गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "ठकीबाईंचं दुकान ना हे?" आणि दादा म्हणायचा, "हो, तिच्या वडिलांचं." स्वतःचं म्हणायला त्याची जीभ वळायची नाही. बाहेरच्या पाटीवर मास्तरांचं नाव, लोकांच्या तोंडी ठकीचं. मधल्या मध्ये तो रोज सकाळी शटर वर करायचा.

"तुला खरंच वाटतं वहिनी होती?" तिनं हळूच विचारलं.

दादानं वळून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या मनात उत्तर तयार होतं, ते त्या दिवसापासूनच तयार होतं. पण ते तोंडात आलं की जीभ भाजेल असं काहीतरी होतं ते. बायको असेल तर भांडता येतं, अबोला धरता येतो, चार माणसांत खाली मान घालता येते आणि पुढच्या वर्षी लोक विसरतात. दुसरं काही असेल तर काय करतात हे त्याला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नसतं.

"मला तुझी काळजी वाटते," तो म्हणाला.

"हो, कळलं," ठकी म्हणाली. "बाही लाव म्हणावं ताईला."

*

मागच्या खोलीत वहिनी कोटाचे खांदे भरत होती. कापूस, वर कॅनव्हास, वर अस्तराचा तुकडा, कडेनं तिरपे टाके. आजचं काम नाजूक होतं. एका खांद्याला पॅड जाड आणि दुसऱ्याला पातळ द्यायचं होतं, म्हणजे कॅमेऱ्यासमोर दोन्ही खांदे एका रेषेत दिसतील. जगातले नावाजलेले लोक ठकीचे कपडे करायला टपलेले होते, पण हा एक कोट तिला इथूनच हवा होता. या अंगाचं खरं माप फक्त इथेच होतं.

समोर, खिडकीतल्या उजेडात, आई काज करत होती. मशीनचं काज आईला मान्य नव्हतं. दोरा मेणावरून ओढायचा, एक टाका, एक गाठ, शेजारी दुसरा टाका, दुसरी गाठ. मास्तर कापायचे, शिवायचे, नाव त्यांचं. काज, बटण, काठ दुमडून घालायचं हेम, लेस, हातानं करायचं ते सगळं आईचं. ठकीच्या फ्रॉकच्या घेराला रात्र रात्र बसून हेम घातलं ते आईनं. मास्तर जेवले की घोरायला लागायचे. मुलाखतींमध्ये मात्र ठकी नेहमी सांगायची, "बाबा रात्र रात्र जागून माझे फ्रॉक शिवायचे." ती दर वेळी सांगायची आणि सांगताना तिचे डोळे भरायचे. आई ती मुलाखत बघायची, हातातलं काज पुरं करायची आणि उठून भांडी घासायला लागायची. भांड्यांचा आवाज त्या दिवशी जरा मोठा असायचा, एवढंच.

"सुई ओवून दे गं बाळ," आई म्हणाली.

वहिनीनं दोरा ओवून दिला. "दिसत नाही ना नीट? नंबर बदलला असेल."

"नाही. तोच आहे म्हणाले."

"डॉक्टर म्हणाले?"

"मग आणखी कोण म्हणणार?"

वहिनीनं पॅडला टाका घातला. त्या दिवशी आई चष्म्याचा नंबर तपासायला म्हणून एकटीच गेली होती. एरवी ती भाजीलासुद्धा एकटी जात नसे. संध्याकाळी दार उघडलं ते वहिनीनंच. आईच्या चेहऱ्यावर पावडर होती. अगदी कानांपर्यंत नीट पसरलेली, गालांवर किंचित गुलाबी, आणि भुवया कुणीतरी हलक्या हातानं रेखलेल्या. वहिनीला वाटलं, वाटेत कुणाच्या समारंभाला गेल्या असतील. आई थेट आत गेली आणि मोरीवरच्या छोट्या आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. रात्री जेवताना तशीच होती. झोपतानाही तिनं तोंड धुतलं नाही.

काही दिवसांनी कार्यक्रम लागला. ज्याला काळोखात बसवायचं त्याला पावडर कशाला लावतात, हा विचार वहिनीच्या डोक्यातून मग गेलाच नाही. कदाचित ती लावावीच लागत असेल. कदाचित आईनं मागितली असेल.

हे ती कुणाला बोलली नव्हती. ठकीचा तिलाही राग होता. ठकीचा फोन आला की तिचा नवरा बसल्या जागी ताठ व्हायचा, बायकोच्या हाकेला तसा तो कधी झाला नव्हता. बोलून टाकलं असतं तर बरंही वाटलं असतं. पण सासूनं तिला पहिल्या दिवसापासून 'बाळ' म्हटलं होतं. स्वतःच्या मुलींना नाही, तिला. त्या पावडरीचं गुपित फोडणं तिला जमेना.

"कालच ती समोरची बाई ब्लाउजचं कापड परत घेऊन गेली," वहिनी म्हणाली. "म्हणाली, गल्लीत सगळे तुमचंच नाव घेतायत, ठकीबाईंना कळलं तर आमच्यावर राग धरतील."

आईची सुई थांबली.

"आमचे बाबा रोज संध्याकाळी टीव्ही बघतात," वहिनी पुढे म्हणाली. "आजही बघतील. मी फोन करून सांगितलं, आज नका बघू. ते म्हणाले, का? काय आहे आज? मला सांगता येईना."

"ठकी तुझं नाव घेणार नाही," आई म्हणाली.

"आणि घेतलं तर?"

आई पुन्हा काज करायला लागली. एक टाका, एक गाठ. "लोक विसरतात, बाळ."

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या शब्दानं ऊब वाटायची, तो शब्द आज तिला प्रथमच गप्प बसावं म्हणून खिशात कोंबलेल्या नोटेसारखा वाटला.

*

ठकीला पडद्याआड उभ्या उभ्या हे सगळं ऐकू येत होतं. शब्द नाही, सूर. आईचा खालचा आवाज, वहिनीचा त्याहून खालचा. दोघींचं रोजचं असंच चालत असणार. कुकर लावताना, दोरे निवडताना. तिच्याशी आई फोनवर बोलायची ती "बरी आहेस ना? जेवलीस ना?" एवढंच, आणि मग फोन कुणाकडे तरी देऊन टाकायची. जगात तिच्यावर लाखो माणसं जीव टाकतात असं सगळे म्हणत. तिला या भिंतीपलीकडच्या त्या कुजबुजीत बसायचं होतं. तिथे वहिनी बसली होती.

नाव घ्यायचं तर वहिनीचंच घ्यायचं, हे तिच्या माणसांनीही सुचवलं होतं. वकील म्हणाला, भावजय म्हटलं की लोकांना लगेच पटतं. प्रसिद्धी बघणारा म्हणाला, "नणंद-भावजय! याहून चांगलं काय मागाल?" ठकी मान डोलावत होती. अंगठ्यानं कड उलटवणारा तो हात तिनं पडद्यावर पाहिला होता तेव्हा तिला क्षणभरही शंका आली नव्हती. त्या अंगठ्याला सुईनं टोचून टोचून आलेला तो कडक भाग तिच्या पाठीवरून, गालावरून हजारदा फिरला होता. काळोखातसुद्धा ओळखला असता, आणि ओळखलाच.

पण ते नाव घेतलं तर? जिच्यावर आईसुद्धा उलटली, अशी बाई व्हायचं तिला. नाही. त्यापेक्षा वहिनी.

तिला एक जुनी गोष्ट आठवत होती. आई एकदाच सेटवर आली होती. मेकअपच्या खोलीत कोपऱ्यात बसून टेबलावरच्या ब्रशांकडे बघत होती. मेकअपवाला भला माणूस. म्हणाला, "आई, तुम्हालाही लावू का थोडं?" आईनं मान वर केली होती. आणि ठकीच म्हणाली होती, "तिला नको. तिला सवय नाही." मग ड्रायव्हरबरोबर आईला घरी पाठवून दिलं होतं. जाताना दारातल्या पडद्याची कड तेवढी तिनं उलटवून पाहिली होती.

*

शेवटच्या फिटिंगला सगळे ट्रायल रूममध्ये जमले, कारण बाही लावताना हात लागतात. ताई मागे, तोंडात टाचण्या. वहिनी बाजूला, दोन्ही पॅड हातांत. दादा इस्त्री घेऊन पडद्याशी. आई नेहमीच्या जागी, ठकीच्या समोर, बुटक्या स्टुलावर, कोटाच्या खालच्या काठाशी. मास्तरांच्या वेळेपासून तिची जागा हीच. माप घेणारे मागे उभे राहायचे, हेम घालणारी समोर बसायची.

"म्हणून बघते एकदा," ठकी आरशाला म्हणाली. "नीट आलं पाहिजे." तिनं श्वास घेतला. "मला सांगताना फार दुःख होतंय. ज्या घरात मी वाढले, ज्या घरात माझे बाबा रात्र रात्र जागून माझे फ्रॉक शिवायचे..."

आईचा हात हेमवर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"...त्याच घरातल्या माणसानं, माझ्या सख्ख्या भावाच्या..."

"खांदा पडतोय," ताई टाचण्यांतून म्हणाली.

"मग धर ना! वहिनी, डाव्या खांद्याला आणखी थोडा कापूस घाल."

सकाळपासूनचं हे तिचं वहिनीशी पहिलं बोलणं. वहिनी पॅड घेऊन पुढे झाली.

"डावा कशाला," आई खालून म्हणाली. मान वर न करता, तोंडात दोरा धरून, जन्मभर सांगत आल्यासारखी. "डावा नीट आहे. हिचा उजवा उतरता आहे."

इस्त्रीनं एकदा फुस्स केलं.

"अगं नाही आई," दादा म्हणाला. गिऱ्हाइकाची चूक दुरुस्त करायची त्याची जुनी सवय. "डावाच आहे. आम्ही सगळे मागून बघतो ना, आम्हाला कळतं. तू नेहमी समोर बसतेस म्हणून तुला उजवा वाट..."

तो थांबला. पण वाक्य इतकं पुढे गेलं होतं की त्याला परत बोलावता येईना. या घरात ताई, दादा, वहिनी, तिघंही डाव्या खांद्यावर पॅड लावत आली होती. ठकीचा उतरता खांदा उजवा म्हणणारं माणूस एकच होतं. टीव्ही बघणारे लोक सगळे समोरून बघणारे, म्हणून देशात ही चूक कुणाच्या लक्षात आली नव्हती. इथे मात्र पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या लक्षात आली होती. फक्त आज ती उजेडात, पिवळट का होईना, येऊन बसली.

"चहा टाकू का?" दादा म्हणाला. त्यानं आयुष्यात कधी चहा केला नव्हता.

तीन आरशांत तीन ठकी उभ्या होत्या आणि एकीलाही खाली बघता येत नव्हतं.

"माझ्या सख्ख्या भावाच्या बायकोनं," ठकी आरशाला म्हणाली, आवाज चढवून, "पैशांसाठी..."

"पैसे नाही दिले कुणी," आई म्हणाली.

वहिनीच्या हातातल्या पॅडमधून कापसाचा एक पुंजका खाली पडला.

"तिचं नाव घेऊ नकोस," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ती पोर काही बोलली नाही."

"मग कुणाचं घेऊ?" ठकी एकदम खाली वळली. कच्चा टाका तटकन तुटला. "सांग ना. गाडी येईल आता. सगळे वाट बघतायत. कुणाचं नाव घेऊ मी, आई?"

आईनं सुई हेममध्ये खोचली. मग नकळत तिचा हात वर गेला आणि हाताच्या मागच्या बाजूनं तिनं स्वतःचा गाल पुसला. तिथे काही नव्हतं. पण वहिनीनं पाहिलं, आणि तिला पाहताना ठकीनं पाहिलं, आणि ठकीला तो मेकअपचा ब्रश आठवला, टेबलावर पडलेला, कुणी न उचललेला.

ताईनं तोंडातली एक टाचणी काढली आणि मनगटावरच्या गादीत खोचली. मग दुसरी. मग तिसरी. सगळे बघत राहिले. ताईला तोंड मोकळं करून बोलताना या खोलीत कुणी पाहिलेलं नव्हतं.

"वहिनीचं नाव घेणार असशील," ती म्हणाली, "तर हा कोट मी आत्ता इथे उसवते. जा मग तशीच. दोन्ही खांदे घेऊन."

"ताई, तू मधे..."

"थांब. होऊ दे माझं. परत टाचण्या घातल्या की मला असं मोकळं बोलता यायचं नाही." ताईनं ठकीच्या पाठीवर हात ठेवला, नेमका त्या डाव्या खांद्यावर. "आपण सगळे काळजी काळजी म्हणतो ना. मला ती काळजी तू काचेत उभी राहायचीस तेव्हापासून वाटते. दादाला पाटी बघितली की वाटते. वहिनीलाही वाटत असेल, आणि तुला वहिनीची वाटते, ते मी सकाळपासून बघतेय. भावंडांचं, नणंदा-भावजयांचं असतं तसं. त्याला लोक हसतात आणि सोडून देतात. पण हिचं कुणी बोलत नाही. बोलायचं नसतं म्हणून." तिनं स्टुलाकडे पाहिलं. तिथे आई हेमचा काठ अंगठ्यानं उलटवून आतली शिलाई बघत बसली होती. तिनं मान वर केली नाही आणि थांब असंही म्हटलं नाही.

"ती तुझ्यावर रागावून गेली नव्हती तिथे, ठके. आपल्या आईला तुझा हेवा वाटतो."